इंटरनेट रेडिओवर जिंगल नक्की कधी वाजवायची? अभंगाच्या मधेच घुसतेय (अझुराकास्ट)

पंचगंगा_काठ

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातनं आम्ही काही जण मिळून एक छोटा इंटरनेट रेडिओ चालवतो. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा जाहिरातीसाठी काढला म्हणाल. आसपासच्या गावांतली भजनी मंडळं, कीर्तनं, स्थानिक कवींचं वाचन, मधनंमधनं मुलाखती, सगळं आमचं आम्हीच जाऊन रेकॉर्ड करतो आणि मंडळाकडनं लेखी परवानगी घेऊन लावतो. सर्व्हर भाड्याचा, तो जर्मनीत आहे, त्यावर अझुराकास्ट, म्हणजे इंटरनेट रेडिओ चालवायचं सॉफ्टवेअर. आठवडाभर त्यातला ऑटोडीजे, म्हणजे आपोआप गाणी लावणारा भाग, तोच वाजवतो, लाइव्ह फक्त रविवारी संध्याकाळी.

आता प्रश्न जिंगलचा, म्हणजे मधनंमधनं रेडिओचं नाव सांगणाऱ्या छोट्या तुकड्याचा. आमच्यातल्याच एका मुलीच्या आवाजात पाच जिंगल केल्यात, मागे पखवाज आणि टाळ, प्रत्येक सहा-सात सेकंदांची. अपलोड करणं, प्लेलिस्ट बनवणं इथपर्यंत काही अडचण नाही, यूट्यूबवर बघून झालं. अडचण पुढं आहे. आधी प्लेलिस्टचा प्रकार "दर ४ गाण्यांनंतर" असा ठेवला. तर एकेक अभंग बारा-चौदा मिनिटांचा, चार अभंग लागोपाठ आले की पाऊण-पाऊण तास रेडिओचं नावच नाही, आणि दुपारी कविता सुरू झाल्या की दोन-दोन मिनिटांच्या चार कविता की लगेच जिंगल, परत चार की परत जिंगल, लोक वैतागले. मग म्हटलं घड्याळावर लावू. शेड्यूलमध्ये वेळा टाकल्या आणि चालू गाणं थांबवून वाजवायचं जे टिक आहे ते केलं. आता जिंगल वेळेवर वाजते पण मधेच. परवा सकाळी "तुका म्हणे" एवढं झालं आणि कचकन जिंगल. बुवांचा फोन आला, म्हणाले अहो तुकोबा काय म्हणतात ते तरी ऐकू द्या लोकांना.

बाकी बारीकसारीक पण आहे. "शुभ सकाळ" वाली जिंगल सकाळी ६ ला लावलीय ती साडेअकराला वाजते. जिंगलचा पहिला शब्द गिळला जातो, "तुम्ही ऐकताय" मधलं नुसतं "कताय" येतं. गाण्यापेक्षा जिंगल मोठ्यानं वाजते. आणि ॲपवर गाण्याच्या नावाच्या जागी "जिंगल ०३ फायनल नवीन फायनल" असं दिसतं, ते एकाने स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकलं.

कुणी हे नीट बसवलंय का? वेळ पण पाळली गेली पाहिजे आणि अभंग पण तुटता कामा नये, असं काही जमतं का?

---

लिक्विड_सोपानदेव

साडेअकराचं आधी सांगतो कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्या स्टेशनचा टाइमझोन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिलाय. सहा अधिक साडेपाच, साडेअकरा. स्टेशनच्या प्रोफाइलमध्ये जाऊन एडिट करा आणि एशिया-कोलकाता निवडा. सर्व्हर जर्मनीत असो नाहीतर चंद्रावर, शेड्यूल स्टेशनच्या टाइमझोनने चालतं. फक्त बदलायच्या आधी सगळ्या प्लेलिस्टच्या वेळा एकदा बघून घ्या, तुमच्यापैकी कुणी हुशारीने रात्री साडेबारा टाकून सकाळचे सहा जुळवले असतील तर टाइमझोन बदलल्यावर ती काकड आरती खरंच रात्री साडेबाराला होईल.

नाव दिसण्याचं: जिंगलच्या प्लेलिस्टला "जिंगल मोड" म्हणून टिक आहे, ते केलं की श्रोत्याला मेटाडेटा (गाण्याचं नाव वगैरे) जात नाही. झालं.

आता मूळ मुद्दा. जिंगल लावायचे तीन रस्ते आहेत, गाणी मोजून, मिनिटं मोजून किंवा तासातून एकदा ठरावीक मिनिटाला. गाणी मोजणं फक्त तिथं चालतं जिथं सगळी गाणी साधारण एका लांबीची असतात, सिनेमाची गाणी वाजवणाऱ्यांना ते बरोबर बसतं. तुमच्याकडे दोन मिनिटांची कविता आणि चौदा मिनिटांचा अभंग एकाच चरकात, तिथं ते कधीच बसणार नाही. तुम्ही "दर २० मिनिटांनी" हा प्रकार घ्या आणि ते थांबवून वाजवायचं टिक काढून टाका. टिक नसेल तर ऑटोडीजे चालू गाणं संपेपर्यंत थांबतो. म्हणजे वीस मिनिटं याचा अर्थ "कमीत कमी वीस" असा घ्यायचा. एकोणिसाव्या मिनिटाला चौदा मिनिटांचा अभंग सुरू झाला तर जिंगल तेहतिसाव्याला येईल, बस, त्याच्या पलीकडे जात नाही. कवितांच्या वेळी मात्र ती बऱ्यापैकी विसाच्या आसपासच पडेल. तुमची दोन्ही दुखणी यात जातात.

जनरल रोटेशनमध्ये (नेहमीची गाणी फिरतात तिथं) जिंगल टाकू नका, काही जण वजन, म्हणजे पाळी येण्याचं प्रमाण, कमी ठेवून टाकतात, मग कधी दोन जिंगल पाठोपाठ येतात आणि कधी तासभर येतच नाही. "दर इतक्या" वाल्या प्लेलिस्ट ऑटोडीजे रोटेशनच्या आधी तपासतो, म्हणून त्या तिथंच बऱ्या.

वाजवायचा क्रम शफल ठेवा, रँडम नको. नावं सारखी वाटतात पण रँडममध्ये प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते, पाचच जिंगल असताना तीच तीच दोनदा-तीनदा येणार. शफलमध्ये पाचही वाजून झाल्यावरच परत पहिल्यापासून.

आणि एक, शेड्यूलचा टॅब "दर २० मिनिटांनी" च्या प्लेलिस्टलाही लागतो. म्हणजे सकाळच्या जिंगलची वेगळी प्लेलिस्ट, शेड्यूल ५ ते ९, दुपारची वेगळी, रात्रीची वेगळी. त्या त्या वेळेपुरतीच ती वीस मिनिटांचा हिशोब करते. त्यामुळे "शुभ सकाळ" साठी सहाच्या ठोक्याची गरजच राहत नाही.

गिळलेला शब्द म्हणजे क्रॉसफेड, एक गाणं विरताना दुसरं हळूहळू वर येतं ते. तिथं दोन सेकंद असतात मुळात, तुमची जिंगल सात सेकंदांची, पुढचे दोन आणि मागचे दोन त्या फेडमध्ये गेले, राहिले तीन. क्रॉसफेड पूर्ण बंद करू नका, अभंगानंतर अभंग आला की तो चांगला वाटतो. त्याऐवजी मीडियामध्ये त्या पाच फायलींना एडिटमध्ये जाऊन प्रत्येकीचा फेड-इन शून्य, फेड-आउट शून्य, ओव्हरलॅप शून्य टाका. मग काय होतं, मागच्या अभंगाचे शेवटचे टाळ विरत असतात त्यावर जिंगल पहिल्या अक्षरापासून पूर्ण आवाजात चढते आणि पुढचं गाणं तिचं बोलणं संपेपर्यंत थांबतं. ऐकून बघा, बरं वाटतं.

हे सगळं बदललं की "अपकमिंग साँग क्यू" मध्ये जाऊन आधीची रांग रिकामी करा. ऑटोडीजे पुढची गाणी आधीच काढून ठेवतो, ती जुन्या नियमाने काढलेली असतात, आणि मग लोक म्हणतात बदल केला तरी काही होत नाही.

---

निवृत्त_निवेदिका

सोपानदेव यांनी यंत्राचं सांगितलं, मी जरा वेगळ्या बाजूने बोलते. मी बरीच वर्षं आकाशवाणीच्या एका केंद्रावर कॅज्युअल निवेदिका होते. तुमचा प्रश्न आमच्याकडे रोजचाच होता, नाव फक्त वेगळं.

आमच्याकडे फिक्स्ड पॉइंट चार्ट असायचा. दिल्लीच्या बातम्या ठरलेल्या मिनिटाला म्हणजे मिनिटाला, तिथं कुणाचं काही चालत नाही. पण त्यासाठी गाणं कधी कापलं जायचं नाही, निदान चांगल्या ड्यूटी ऑफिसरच्या हाताखाली तरी नाही. गाणं अशा बेताने लावायचं की ते दोन-तीन मिनिटं आधी संपेल आणि उरलेल्या वेळात फिलर, म्हणजे बासरी, सतार, क्लॅरिओनेट, काहीही शब्द नसलेलं. वेळ झाली की फेडर (आवाजाची सरकती कळ) हळूच खाली आणायचा. वाद्याचा तुकडा कुठंही सोडता येतो, श्रोत्याला तुटल्यासारखं वाटत नाही. शब्द मात्र असा सोडता येत नाही, त्यातून "तुका म्हणे" तर नाहीच नाही, अख्खा अभंग त्या ओळीसाठी असतो.

म्हणून तुम्हाला सातच्या ठोक्याला काही लावायचंच असेल तर त्याच्या आधी वाद्यसंगीत ठेवा. संबळ असेल, सनई असेल, तुमच्या भागात हलगी आहे. मग तुमच्या त्या मशीनने ठोक्याला कापू दे की, कापलं तर हलगी कापली जाईल, बुवा फोन करणार नाहीत.

दुसरं, कीर्तनात जिंगल कुठं घालायची हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण येणारच आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला की नामाचा गजर होतो, बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, लोक जरा सैल होतात, आणि मग उत्तररंग. ती जागा परंपरेने मोकळीच ठेवलेली आहे. रेकॉर्डिंग तिथं दोन भागांत तोडा आणि मधे जिंगल. कथेच्या मधे कुठंही नको.

आणि भैरवीनंतर जिंगल लावू नका हो. पसायदानानंतर तर अजिबात नको. कार्यक्रम संपला की दोन क्षण काही नको असतं. जिंगल पुढच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला घ्या.

शब्दांचं पण बघा. प्रत्येक जिंगलमध्ये "तुम्ही ऐकताय" कशाला? आकाशवाणीची सिग्नेचर ट्यून वॉल्टर कॉफमन यांनी बांधली, १९३० च्या दशकातली, तिच्यात शब्द एकही नाही, आणि आजही दोन सूर कानावर पडले की माणूस ओळखतो. तुमच्याच पखवाज-टाळांचा चार सेकंदांचा तुकडा पक्का करा, पाचातल्या दोन जिंगल नुसत्या तेवढ्याच ठेवा.

---

खटक्यावर_बोट

एवढं कशाला करत बसलाय, जुना विंडोजचा लॅपटॉप घ्या, त्यावर रेडिओडीजे फुकट मिळतं, रोटेशनमध्ये ओळीने लिहायचं अभंग अभंग जिंगल कविता कविता जिंगल, विषय संपला. त्यात स्वीपर पण आहेत, गाण्याच्या सुरुवातीच्या म्युझिकवरच तुमचं नाव वाजून जातं, वेगळा वेळ जातच नाही. एफएमवाले तसंच करतात.

---

लिक्विड_सोपानदेव

@खटक्यावर_बोट रेडिओडीजे चांगलं आहे, वाद नाही, पण घरातला लॅपटॉप चोवीस तास चालू ठेवायचा, लाइट गेली की रेडिओ गेला, नेट गेलं की रेडिओ गेला. यांचा सर्व्हर बाहेर आहे तो कोल्हापुरात पावसाळा असला तरी वाजत राहतो.

स्वीपर अझुराकास्टमध्ये तयार मिळत नाही पण करता येतो. त्याच्या पोटात लिक्विडसोप नावाचं आवाज जोडून पुढं पाठवणारं सॉफ्टवेअर आहे, त्याचं कॉन्फिगरेशन एडिट करायला पान दिलेलं आहे, तिथं "स्मूथ ॲड" नावाचं फंक्शन वापरलं की चालू गाण्याचा आवाज आपोआप खाली येतो, वर जिंगल वाजते, परत आवाज वर जातो. पण मला विचाराल तर भजनाच्या रेडिओला हे करू नका. सिनेमाच्या गाण्याला सुरुवातीला वीस सेकंद म्युझिक असतं, त्यावर बोललं तर चालतं. भजनात बुवा पहिल्या सेकंदाला "रामकृष्णहरी" उचलतात, बोलणार कुठं?

@निवृत्त_निवेदिका ताई, फिलरची आयडिया एकदम पटली, +१. फक्त यात एक गोची आहे ती पंचगंगावाल्यांसाठी लिहितो. सातला ठोका आहे म्हणून हलगीची प्लेलिस्ट ६:५० ते ७ शेड्यूल केली, आणि ६:४९ ला चौदा मिनिटांचा अभंग सुरू झाला तर हलगीला संधीच मिळत नाही, अभंग ७:०३ पर्यंत जाणार आणि सातला तोच कापला जाणार. तुमचा माणूस घड्याळ बघून छोटं गाणं काढायचा, ऑटोडीजे तेवढा विचार करत नाही. म्हणून लांब अभंगांची प्लेलिस्ट वेगळी काढा आणि तिचं शेड्यूल ६:४० ला संपवा. ६:४० ते ६:५० मध्ये फक्त छोट्या रचना, चार मिनिटांच्या आतल्या, गौळणी वगैरे. त्याच्यापुढे हलगी. मग लांबातला लांब अभंग ६:३९ ला सुरू झाला तरी ६:५३ ला संपतो आणि हलगीला सात मिनिटं मिळतात.

आणि हे दिवसातनं एकदा-दोनदाच करा, जिथं खरंच वेळ पाळायचीय तिथं. दर तासाला केलंत तर लांब अभंग वाजवायला जागाच उरणार नाही.

---

डेसिबल_काका

आवाजाच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

जिंगल मोठी वाटते कारण ती स्टुडिओत, माइकच्या जवळ, कॉम्प्रेशन मारून (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करून) केलेली असते. भजन देवळात हँडी रेकॉर्डरवर केलेलं असतं, त्यात पखवाजाची थाप उंच जाते आणि बाकी सगळं खाली असतं. दोन्हींचा पीक, म्हणजे सगळ्यात उंच टोक, सारखा दिसेल पण कानाला सारखं लागत नाही. कानाला जे लागतं ते एलयूएफएस नावाच्या मापात मोजतात. ऑडासिटीमध्ये "लाउडनेस नॉर्मलायझेशन" नावाचा इफेक्ट आहे, तो उघडला की −२३ असतं, ते युरोपातल्या टीव्हीचं माप आहे. इंटरनेटवर लोक −१६ धरतात. तुम्ही −१६ ला गेलात तर पखवाजाच्या थापा वर आपटतील, मग लिमिटर (उंच टोकं दाबणारा) लावा, मग थाप बसकी लागते. मी −१८ म्हणेन भजनांना, आणि जिंगल −१९ किंवा −२०, म्हणजे गाण्यापेक्षा थोडी खालीच. जिंगल मोनो असेल तर त्या खिडकीत "मोनोला ड्युअल मोनो धरा" असं काहीतरी टिक आहे ते काढू नका, नाहीतर माप चुकतं.

नुसती जिंगल खाली आणून भागणार नाही, अभंगही एकमेकांशी जुळले पाहिजेत. हे मी रेडिओ ऐकणारा म्हणून सांगतोय. रात्री झोपताना कानात हेडफोन असतो, एक मंडळ कुजबुजतं, दुसरं मंडळ ठाण करून येतं, जागा झालोच.

---

सिडनीचा_सदाशिव

ऐकणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी.

"सात वाजले, शुभ सकाळ" अशी जिंगल इंटरनेटवर करू नका. आइसकास्ट, म्हणजे श्रोत्यांपर्यंत आवाज पोचवणारा सर्व्हर, नवीन श्रोता जोडला की त्याला आधी साठवलेला तुकडा एकदम देतो, मुळात ६५,५३५ बाइट असतो तो. १२८ केबीपीएसला तो चार सेकंदांचा होतो, ६४ केबीपीएसला आठ. वर प्रत्येकाच्या ॲपचं स्वतःचं बफर. एचएलएस (आवाज तुकड्यातुकड्यांनी पाठवायची पद्धत) लावलं असेल तर अजून मागे. एका घरात दोन फोनवर लावलं तरी दोन्हीकडे सात वेगवेगळ्या वेळी वाजतात. आकाशवाणीची ती टूं टूं टूं लावून घड्याळ जुळवायचे दिवस इथं नाहीत.

दुसरं म्हणजे तुमची सकाळ ती आमची सकाळ नाही. दुबई तुमच्या दीड तास मागे, आम्ही साडेचार तास पुढे आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात साडेपाच. माझ्याकडे जेवायची वेळ झालेली असते आणि रेडिओ म्हणतो शुभ सकाळ. चिडत नाही, उलट गावची वेळ कळते म्हणून बरं वाटतं, पण पाचातल्या एकाच जिंगलमध्ये ठेवा, बाकीच्यांत "रामकृष्णहरी" म्हणा की, ते कुठल्याही वेळेला चालतं.

---

पंचगंगा_काठ

मंडळी, धागा वाखूत (वाचनखुणांत) टाकला. टाइमझोन बदलला, सकाळची "शुभ सकाळ" आता सकाळीच वाजतेय. दर २० मिनिटांचं पण केलं, काल दिवसभर ऐकलं, दोन जिंगलमधलं जास्तीत जास्त अंतर एकतीस मिनिटांचं आलं, आम्हाला चालतंय. फेड शून्य केल्यावर "तुम्ही" ऐकू येतंय. बुवांना पण ऐकवलं.

ताई, पूर्वरंग-उत्तररंगाची जागा फार छान सांगितलीत, आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण ते बसवायचं कसं? कीर्तनाचे दोन भाग आणि मधे जिंगल असं टाकलं तर ऑटोडीजे तिथं दुसरंच काहीतरी घुसवतो, परवा पूर्वरंगानंतर कविता आली.

अजून तीन शंका. एक, वारीच्या दिवसांत पालखीच्या कार्यक्रमाचे प्रोमो लावायचेत, ते एकादशी झाली की आपोआप बंद व्हावेत, कुणाला आठवण राहत नाही. दोन, रविवारच्या लाइव्हमध्ये जिंगल वाजतच नाही. तीन, आमच्यातला एक जण म्हणतोय की एका जुन्या नाट्यगीताची पहिली ओळ उचलून जिंगल करू, लोकांना लगेच कळेल. चार-पाच सेकंदांना कोण विचारतंय, असं त्याचं म्हणणं.

---

वकील_नाही_पण

तिसऱ्याचं उत्तर मी देतो. सेकंदांची अशी कुठलीही सूट कॉपीराइट कायद्यात लिहिलेली नाही, ती व्हॉट्सॲपवरची समजूत आहे.

गाण्यात तीन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल, यांचा हक्क आपल्याकडे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क, तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क वेगळा. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण ते कुणीतरी चाल लावून गायलेली रेकॉर्ड सगळ्यांची नाही. नाट्यगीत जुनं असेल, नाटककार जाऊन ६० वर्षं उलटली असतील, तरी तुमच्या मित्राच्या डोक्यात जी रेकॉर्ड आहे ती कधीची हे बघायला लागेल. त्यापेक्षा शब्द आणि चाल मोकळी झालेली पदं शोधा आणि तुमच्याच मंडळातल्या कुणाकडनं गाऊन घ्या.

आणि एफएम वाजवतं मग आम्ही का नाही, हे कुणी म्हणू नका. प्रसारकांसाठी कायद्यात ३१-डी कलमाखाली परवाना मिळायची सोय आहे, पण ती इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला लागू नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स (संगीत कंपनी) विरुद्ध विंक (गाण्यांचं ॲप) या प्रकरणात २०१९ मध्ये म्हटलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने ते कायम ठेवलं. म्हणजे इंटरनेट रेडिओला ज्याचा हक्क आहे त्याच्याशी थेट बोलावं लागतं.

तुम्ही मंडळांची लेखी परवानगी घेता हे फार चांगलं. त्यात एक ओळ वाढवा, की यातला तुकडा रेडिओच्या जिंगल आणि प्रोमोसाठी वापरू शकतो. कार्यक्रम वाजवायची परवानगी आणि त्याचा तुकडा तोडून स्वतःच्या नावामागे लावायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उद्या मंडळातच दोन गट पडले की हा कागद कामाला येतो. आणि गट पडतातच.

---

निवृत्त_निवेदिका

वकीलसाहेब, शेवटचं वाक्य लाखातलं!

---

लिक्विड_सोपानदेव

कीर्तनाचं: त्या कीर्तनाची स्वतंत्र प्लेलिस्ट करा, क्रम सिक्वेन्शियल, आत तीनच फायली, पूर्वरंग, जिंगल, उत्तररंग. मग ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये "सगळी प्लेलिस्ट एकच ट्रॅक समजून वाजवा" अशा अर्थाचा पर्याय आहे तो टिक करा. आता ते तिन्ही एकसंध वाजतात, मधे कविता येत नाही आणि वीस मिनिटांची जिंगलही येत नाही. तुम्हाला ते फक्त एकदाच वाजवायचं असेल तर शेड्यूलमध्ये सुरुवातीची आणि शेवटची वेळ सारखीच टाका, म्हणजे दिवसातनं एकदाच वाजेल. फक्त ध्यानात ठेवा, दुसऱ्या कुठल्या प्लेलिस्टला थांबवून वाजवायचं टिक राहिलेलं असेल तर ती यालाही कापेल. एकदा सगळ्या प्लेलिस्ट उघडून ते टिक शोधा, सातच्या ठोक्याची सोडून बाकी सगळीकडनं काढा.

इथली जिंगल मात्र वीस मिनिटांवाल्या पाचांतली नको, वेगळी फाइल करा. ताईंनी म्हटलं तसा नुसता गजर आणि टाळ, शेवटी एकदा रेडिओचं नाव. कीर्तनाच्या मधे मुलीचा आवाज एकदम आला तर बुवा बदलल्यासारखं वाटतं.

वारीचे प्रोमो: शेड्यूलच्या टॅबमध्ये वेळांच्या खाली सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख आहे. पालखी निघते तिथपासून एकादशीपर्यंत टाका. दुसऱ्या दिवशी ती प्लेलिस्ट आपोआप गप्प होते, डिलीट करायची गरज नाही, पुढच्या वर्षी तारखा बदलल्या की परत चालू. प्रोमो पंधरा-वीस सेकंदांचे ठेवा आणि दर ६० मिनिटांनी, जिंगलच्या वीसात मिसळू नका. फोल्डर पण वेगळा करा आणि फोल्डरलाच ती प्लेलिस्ट जोडा, म्हणजे वारीतनं कुणी मोबाइलवर नवा प्रोमो करून त्या फोल्डरमध्ये टाकला की तो आपोआप फिरायला लागतो, कुणी ॲडमिनमध्ये जायला नको.

लाइव्हमध्ये जिंगल वाजणार नाही, ते तसंच आहे. तुमचा माणूस लाइव्हला जोडला की ऑटोडीजे बाजूला होतो, त्याच्या प्लेलिस्टसकट. लाइव्हच्या जिंगल लाइव्ह करणाऱ्यानेच वाजवायच्या. तुम्ही लाइव्ह कशाने करता ते लिहिलं नाहीत. बट नावाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते फक्त माइक वगैरे इनपुटचा आवाज पाठवतं, त्यात जिंगलसाठी बटणं नाहीत. मिक्स नावाचं डीजे सॉफ्टवेअर वापरा, तेही फुकट आहे, त्यात सॅम्पलर म्हणून छोटे डेक असतात, पाचांत पाच जिंगल भरून ठेवायच्या आणि बोलता बोलता माउसने दाबायचं. ब्रॉडकास्ट थेट त्यातनंच अझुराकास्टला जातं, वेगळं काही लागत नाही.

---

पंचगंगा_काठ

बटच वापरतो. मिक्स उतरवून घेतलं, येत्या रविवारी बघतो. एक राहिलं, जिंगल मोड चालू केल्यापासून जिंगल वाजताना ॲपवर आधीच्याच अभंगाचं नाव राहतं, ते बरोबर आहे की काही अडकलंय?

---

लिक्विड_सोपानदेव

बरोबर आहे. जिंगलचं नाव पाठवलंच जात नाही म्हणून ॲपला वाटतं मागचंच चालू आहे, पुढचं गाणं लागलं की बदलतं. वीस सेकंदांच्या प्रोमोला मात्र जिंगल मोड लावू नका, तिथं नाव दिसू दे, फक्त फाइलच्या टॅगमध्ये "पालखी सोहळा, रोज संध्याकाळी ७" असं व्यवस्थित टाईप करा. "प्रोमो फायनल २" नको.